सुरुवातीच्या अमेरिकेवरच्या कादंबऱ्या: पहिल्यांदा वाचणाऱ्यांनी कुठून सुरुवात करावी

शाळेच्या इतिहासात कॉर्नवॉलिस आपल्याला दोनदा भेटतो. एकदा बंगालच्या कायमधारा पद्धतीत आणि एकदा टिपूविरुद्धच्या तिसऱ्या युद्धात. त्या युद्धात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन आपापल्या फौजा घेऊन त्याच्या बाजूने लढले. त्याच्या आधीच्या आयुष्याबद्दल मात्र आपण फारसं वाचत नाही. ऑक्टोबर १७८१ मध्ये व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनला याच माणसाने वॉशिंग्टन आणि फ्रेंच यांच्या एकत्र फौजेपुढे शस्त्रं खाली ठेवली. तब्येत बरी नसल्याचं कारण सांगून शरणागतीच्या समारंभाला तो स्वतः गेला नाही, हाताखालच्या सेनापतीला पाठवलं. अमेरिकेत हरलेला हा सरदार पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला उतरला.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला अमेरिकेचा तो काळ एकदम जवळचा वाटू लागला. तेव्हापासून मी त्या काळावरच्या कादंबऱ्या शोधून वाचते. ठाण्यातल्या आमच्या छोट्याशा वाचनकट्ट्यावर नवा माणूस आला की पहिला प्रश्न असतो, "सुरुवात कशाने करू?" त्या प्रश्नाचं उत्तर इथे सविस्तर लिहिते आहे. सुरुवातीची अमेरिका म्हणजे साधारण १६०७ ते १८०४, जेम्सटाउनच्या वसाहतीपासून नवं राष्ट्र उभं राहीपर्यंतची दोनशे वर्षं. यादवी युद्ध, सोन्याच्या खाणी, काउबॉय हे सगळं नंतरचं.

पायरी १: वहीत दोन रकाने आखा

या कादंबऱ्या मध्येच सुटतात त्याचं मोठं कारण म्हणजे सनावळी. १६९२ हा आकडा वाचून आपल्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. म्हणून आधी वहीच्या एका पानावर डावीकडे आपलं आणि उजवीकडे तिकडचं लिहून ठेवा.

१६३०: शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म. त्याच वर्षी बोस्टन वसलं. १६९२: राजाराम महाराज जिंजीच्या किल्ल्यात, आणि मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावात चेटकाचे खटले. १७५७: जूनमध्ये प्लासी, ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क प्रांतातला फोर्ट विल्यम हेन्री हा इंग्रजांचा किल्ला फ्रेंचांनी घेतला. ही दोन्ही एकाच जागतिक इंग्रज-फ्रेंच झगड्याची टोकं. १७७३: ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि १६ डिसेंबरच्या रात्री बोस्टनच्या बंदरात चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचाच होता, पण चीनमधून आणलेला. आसामचा चहा अजून कोणाच्या कपात आला नव्हता. १७७९: जानेवारीत वडगावला कंपनीची फौज मराठ्यांपुढे नमली, तेव्हा तिकडच्या स्वातंत्र्ययुद्धाचं चौथं वर्ष चालू होतं. १८०३ ला असईची लढाई. पुढच्याच वर्षी अमेरिकेचा उपाध्यक्ष ॲरन बर याने अलेक्झांडर हॅमिल्टनला पिस्तुलांच्या द्वंद्वात ठार मारलं.

एवढं पान समोर असलं की कुठलंही पुस्तक उघडा, आपण कुठे उभे आहोत ते लगेच कळतं.

एक छोटी गोष्ट इथेच सांगून टाकते. जुन्या पुस्तकांत '१६९१/९२' असं दुहेरी साल दिसलं तर ती छपाईची चूक समजू नका. १७५२ पर्यंत इंग्रजांचं आणि त्यांच्या वसाहतींचं सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे जानेवारी ते मार्च या महिन्यांची साल दोन्ही पद्धतींनी लिहीत. शक आणि इसवी सन एकाच कागदावर वाचायची आपल्याला सवय आहे, आपल्याला हे जड जाऊ नये.

पायरी २: पहिलं पुस्तक लहान घ्या

बहुतेक जण 'द लास्ट ऑफ द मोहिकन्स' किंवा 'द स्कार्लेट लेटर' घेऊन बसतात. नाव ऐकलेलं असतं आणि पुस्तक फुकट मिळतं. पन्नास पानांत दमतात आणि "हा प्रांत आपला नाही" म्हणून सोडून देतात. दोन्ही पुस्तकं थोर आहेत, पण ती पहिल्या दिवशी वाचायची नव्हेत.

माझ्या मते पहिलं पुस्तक हॉवर्ड फास्ट यांचं 'एप्रिल मॉर्निंग' (१९६१). १९ एप्रिल १७७५, लेक्सिंग्टन गाव, पंधरा वर्षांचा ॲडम कूपर. आदल्या संध्याकाळी बाप-लेकाचं बिनसलेलं आहे, सकाळी इंग्रजांची लाल कोटातली पलटण गावच्या हिरवळीवर येते, कोणीतरी पहिली गोळी झाडतो. ती कोणी झाडली याचं उत्तर इतिहासाला आजही देता आलेलं नाही. त्या हिरवळीवर गावची आठ माणसं पडली. सगळी कादंबरी जेमतेम एका दिवसाची आहे, भाषा सोपी आहे, आणि शेवटी जो मुलगा घरी परततो तो सकाळचा नसतो. युद्धाची कारणं, करांचे कायदे, पुढाऱ्यांची भाषणं यातलं फारसं काही लागत नाही. बापाला नीट निरोप न देता आलेला मुलगा कळायला कुठल्याही देशाचा इतिहास पाठ असावा लागत नाही.

घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल आणि दोघांनी मिळून वाचायचं असेल तर एस्थर फोर्ब्ज यांचं 'जॉनी ट्रिमेन' (१९४३) घ्या. बोस्टनमधल्या चांदीकाम करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी करणारा हुशार, गर्विष्ठ मुलगा. वितळलेल्या चांदीने त्याचा हात भाजतो आणि त्याच्याबरोबर धंदाही जातो. त्या हाताची गोष्ट आणि शहराच्या बंडाची गोष्ट एकत्र चालते. लेखिकेला त्याच सुमारास पॉल रिव्हिअर या खऱ्या चांदीकाम करणाऱ्या क्रांतिकारकाच्या चरित्रासाठी पुलित्झर मिळालं होतं, त्यामुळे दुकानातली भट्टी, हत्यारं, उमेदवारांचे हाल यांतलं काहीही ऐकीव वाटत नाही. मुलींना बहुधा एलिझाबेथ जॉर्ज स्पीअर यांचं 'द विच ऑफ ब्लॅकबर्ड पाँड' (१९५८) जास्त आवडतं. बार्बाडोसच्या मोकळ्या हवेत वाढलेली किट १६८७ साली कनेटिकटमधल्या कर्मठ नातेवाइकांकडे राहायला येते. तिला पोहता येतं, एवढ्यावरूनच लोक तिच्याकडे संशयाने बघू लागतात.

पायरी ३: भाषेची भीती घालवा

इथे मराठी माणसाच्या पदरात एक गोष्ट आयती आहे, ती म्हणजे 'तू' आणि 'तुम्ही' यांतला फरक. जुन्या इंग्रजीत 'दाऊ' म्हणजे तू आणि 'यू' म्हणजे तुम्ही. क्वेकर पंथाचे लोक देवापुढे सगळे सारखे मानत, म्हणून ते न्यायाधीशालाही अरे-तुरे करत आणि त्याच्यासमोर टोपी काढत नसत. आजच्या इंग्रजी वाचकाला यात काय एवढं वाटतं. आपल्याला विचारा, भर कचेरीत साहेबाला 'अरे' म्हटलं तर काय होईल! 'ब्लॅकबर्ड पाँड'मधली म्हातारी क्वेकर हॅना गावाबाहेर का राहते, तेही इथून उलगडायला लागतं.

'गुडवाइफ' किंवा तिचं छोटं रूप 'गुडी' म्हणजे साध्या घरची लग्न झालेली बाई. 'मिस्ट्रेस' म्हणजे वरच्या घरची. सेलमच्या कादंबऱ्यांत कोणाला काय म्हणतात यावर लक्ष ठेवा, तिथे गावची सगळी उतरंड दिसते. पैशांचं गणितही आपल्या आजोबांच्या ओळखीचं आहे: १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड, जसा १२ पैंचा आणा आणि १६ आण्यांचा रुपया. 'इंडेंचर्ड सर्व्हंट' म्हणजे जहाजाच्या भाड्यापोटी काही वर्षं राबायचा करार केलेला नोकर, आपल्याकडचा गिरमिटिया.

शब्दकोश घेऊन प्रत्येक ओळीला थांबू नका. पहिली चाळीस पानं अंदाजाने वाचा. बहुतेक शब्द तोवर आपणहून उलगडतात.

पायरी ४: पुस्तकं जोडीने वाचा

मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचं आहे ते हे. या काळावरचं एकच पुस्तक वाचून थांबू नका. ही भूमी रिकामी नव्हती. जे एकाच्या दृष्टीने नवं घर होतं, ते दुसऱ्याच्या दृष्टीने हातातून गेलेलं घर होतं, आणि तिसऱ्याला तर साखळदंड घालून तिथे आणलेलं होतं. एक कादंबरी बहुधा यातल्या एकाचीच नजर देते. म्हणून एक पुस्तक संपवलं की त्याच काळाचं, पण दुसऱ्या अंगणातलं पुस्तक उचला.

पहिली जोडी. जेम्स फेनिमोर कूपर यांचं 'द लास्ट ऑफ द मोहिकन्स' (१८२६) घ्या. १७५७ च्या त्या किल्ल्याचा वेढा, जंगल, पाठलाग, हॉकआय हा गोरा वनचर आणि त्याचे दोन मोहिकन सोबती. वर्णनं लांबलचक आहेत, पहिली तीन प्रकरणं धीराने काढावी लागतात, पण एकदा जंगलात शिरलात की कादंबरी धावते. मात्र शीर्षकावर विश्वास ठेवू नका. मोहिकन लोक संपलेले नाहीत. त्यांचे वंशज आज विस्कॉन्सिन राज्यात स्टॉकब्रिज-मन्सी या नावाने राहतात. एका कादंबरीच्या नावाने एक जिवंत समाज जगाच्या लेखी मेलेला ठरला, ही गोष्ट मला अजून टोचते.

त्याच्या जोडीला जेराल्डिन ब्रुक्स यांचं 'केलेब्ज क्रॉसिंग' (२०११) ठेवा. केलेब हा वाम्पनोआग जमातीचा तरुण खरा होता. मार्थाज व्हिनयार्ड बेटावरून तो हार्वर्डला गेला आणि १६६५ मध्ये तिथून पदवी घेणारा पहिला मूलनिवासी ठरला. पुढच्याच वर्षी क्षयाने गेला. त्याच्या हातचं लॅटिन पत्र आजही आहे. कादंबरी सांगणारी बेथिया ही धर्मोपदेशकाची मुलगी मात्र लेखिकेने कल्पिलेली आहे. लॅटिन, ग्रीक शिकायची तिची तहान आणि मुलगी म्हणून बंद झालेलं दार, हे वाचताना आपल्याकडच्या कितीतरी आज्या आठवतात.

दुसरी जोडी सेलमची. आधी एक गैरसमज काढून टाका: सेलममध्ये कोणाला जाळलं नव्हतं. १९ जणांना फाशी दिलं आणि एका म्हाताऱ्याला दगडांखाली दाबून मारलं. कॅथलीन केंट यांचं 'द हेरेटिक्स डॉटर' (२००८) मार्था कॅरिअर या फाशी गेलेल्या बाईची गोष्ट तिच्या मुलीच्या तोंडून सांगतं, आणि लेखिका स्वतः त्या बाईची वंशज आहे. तुरुंगात लहान मुलंही होती. आईविरुद्ध मुलांकडून जबाब घेतले गेले. ही पानं जड जातात, हळूहळू वाचा. मग मरीझ काँदे यांचं 'आय, टिट्युबा' वाचा. मूळ फ्रेंच, १९८६ चं. खटल्यांची सुरुवात जिच्यापासून झाली ती पाद्र्याच्या घरची गुलाम बाई टिट्युबा इथे स्वतः बोलते. जुन्या कागदपत्रांत तिला 'इंडियन' म्हटलेलं आहे, काँदे यांनी तिला आफ्रिकी आईच्या पोटी जन्मलेली दाखवलं आहे. कागदांत जिचा जबाब आहे पण आयुष्याबद्दल फारसं काही नाही, तिला लेखिकेने पूर्ण आयुष्य दिलं. दोन्ही पुस्तकं वाचून झाल्यावर सेलमबद्दल तुमचं मत पहिल्यासारखं राहणार नाही.

तिसरी जोडी, खरं म्हणजे तिकडी, स्वातंत्र्ययुद्धाची. 'एप्रिल मॉर्निंग' तुम्ही वाचलेलंच असेल. आता केनेथ रॉबर्ट्स यांचं 'ऑलिव्हर विझवेल' (१९४०) घ्या. त्याचा नायक राजनिष्ठ आहे. त्याला बंडखोर म्हणजे झुंडशाही करणारे वाटतात. राघोबादादांच्या गोटातून पेशवाई पाहावी तसा हा अनुभव आहे: माणसं तीच, प्रसंग तेच, पण खलनायक बदललेला. पुस्तक जाडजूड आहे, सुट्टीत काढा.

तिकडीतलं शेवटचं लॉरेन्स हिल यांचं 'द बुक ऑफ नीग्रोज' (२००७). या लेखातलं एकच पुस्तक वाचणार असाल तर हे वाचा. पश्चिम आफ्रिकेतल्या गावातून पळवून आणलेली अकरा वर्षांची अमिनाता, साउथ कॅरोलायनातला निळीचा मळा, मग न्यूयॉर्क. इंग्रजांनी जाहीर केलेलं असतं की बंडखोर मालकांना सोडून आमच्या बाजूला येणाऱ्या गुलामांना मुक्त करू. १७८३ मध्ये इंग्रज न्यूयॉर्क सोडून निघाले तेव्हा अशा सुमारे ३००० कृष्णवर्णीयांची नावं एका खऱ्या नोंदवहीत लिहिली गेली. तीच ही शीर्षकातली वही. 'स्वातंत्र्य' हा शब्द त्या युद्धात कोणाच्या वाट्याला आला, हा प्रश्न या पुस्तकाने माझ्या मनात कायमचा रोवला. अमेरिकेत हेच पुस्तक 'समवन नोज माय नेम' या नावाने निघालं, तेव्हा दोन वेगळी समजून दोन्ही विकत घेऊ नका.

इथे आपला एक खरा धागा आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. आणि तरुणपणी त्यांच्यावर ज्याच्या 'राइट्स ऑफ मॅन'चा ठसा उमटला तो टॉमस पेन म्हणजेच जानेवारी १७७६ मध्ये फिलाडेल्फियात 'कॉमन सेन्स' ही पुस्तिका काढून वसाहती पेटवणारा पेन. त्याच्यावरही हॉवर्ड फास्ट यांचीच कादंबरी आहे, 'सिटिझन टॉम पेन' (१९४३). फुले वाचलेल्या माणसाने ती जरूर मिळवावी.

पायरी ५: खरं किती, हे शेवटी तपासा

'स्वामी' किंवा 'पानिपत' वाचून आपण तावातावाने वाद घालतो, हे खरं घडलं का, ते रचलेलं आहे का. तीच सवय इथे लावा, फक्त पुस्तक संपल्यावर. या प्रकारच्या इंग्रजी कादंबऱ्यांना अखेरीस बहुधा लेखकाचं टिपण असतं. कुठली व्यक्ती खरी, कुठली तारीख हलवली, ते तिथे मिळतं. आधी वाचलंत तर गोष्टीतला उत्कंठेचा भाग फुटतो.

यासाठी एरियल लॉहन यांचं 'द फ्रोझन रिव्हर' (२०२३) उत्तम उदाहरण आहे. मेन प्रांतातल्या हॅलोवेल गावची सुईण मार्था बॅलर्ड खरी होती. १७८५ ते १८१२ अशी सत्तावीस वर्षं तिने रोजनिशी ठेवली आणि त्यात ८१६ बाळंतपणांची नोंद आहे. कादंबरी गोठलेल्या नदीत सापडलेल्या प्रेतापासून सुरू होते आणि रहस्यकथेसारखी पकडते. बलात्काराचा खटला तिच्या केंद्रस्थानी आहे, हे आधी माहीत असलेलं बरं. ती संपली की लॉरेल थॅचर उलरिक यांचं 'अ मिडवाइफ्स टेल' (१९९०) उघडा. रोजनिशीच्या कोरड्या ओळींतून, म्हणजे आज हवा कशी, कोणाच्या घरी गेले, किती मिळाले, एवढ्यातून एका इतिहासकार बाईने अख्खं गाव उभं केलं आहे. कादंबरीहून हे मला काकणभर सरसच वाटलं.

पायरी ६: अवघड पुस्तकं आता घ्या

चार-पाच पुस्तकं झाली की 'द स्कार्लेट लेटर'कडे वळा. हॉथॉर्न यांच्या या कादंबरीची सुरुवातीची 'कस्टम हाउस' ही लांब प्रस्तावना पहिल्या वाचनात खुशाल सोडा आणि तुरुंगाच्या दारापासून सुरू करा. हॉथॉर्न यांचे एक पूर्वज सेलमच्या खटल्यांत न्यायाधीश होते, हे लक्षात ठेवून वाचलंत तर लेखकाच्या मनावरचं ओझं जाणवतं.

टोनी मॉरिसन यांचं 'अ मर्सी' (२००८) दोनशे पानांच्या आतलं आहे, पण सोपं नाही. १६८०-९० च्या काळातली एक आई आपल्या मुलीला परक्या माणसाच्या हवाली करते. का, ते कळायला शेवटच्या प्रकरणापर्यंत थांबावं लागतं. संपल्यावर लगेच पहिलं प्रकरण परत वाचा. फ्रान्सिस स्पफर्ड यांचं 'गोल्डन हिल' (२०१६) १७४६ च्या न्यूयॉर्कमधलं, एका हजार पौंडांच्या हुंडीभोवती फिरणारं. अनोळखी तरुण हुंडी घेऊन जहाजातून उतरतो, आणि ती खरी की खोटी हे पुढच्या जहाजांतून दुसरी प्रत येईपर्यंत सावकाराला कळणार नसतं. ज्यांच्या घरी व्यापार होता त्यांना हे फार आवडेल. गोर व्हिडाल यांचं 'बर' (१९७३) मात्र सगळ्यात शेवटी. वॉशिंग्टन, जेफरसन यांच्या पुतळ्यांखाली सुरुंग लावणारं पुस्तक आहे, आधी पुतळे ओळखीचे हवेत.

पुस्तकं मिळवायची कुठून? कूपर आणि हॉथॉर्न प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहेत, लिब्रिव्हॉक्सवर ऐकायलाही मिळतात. मुलांची म्हणून निघालेली पुस्तकं कागदी बांधणीत स्वस्त असतात. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर जुन्या पुस्तकांत नशीब आजमावा. अमेरिकेत राहणाऱ्यांनी गावच्या सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड काढलं की लिबी ॲपवर यातलं बरंच काही घरबसल्या येतं.

पायरी ७: सुचवा म्हणताना नेमकं विचारा

"अमेरिकेच्या इतिहासावर काहीतरी सुचवा" म्हटलं की उत्तरंही तशीच मोघम येतात. त्यापेक्षा काळ, गाव, कोणाची नजर आणि किती पानं हे सांगा. "१७७० च्या दशकातलं बोस्टन, सामान्य माणसाची गोष्ट, तीनशे पानांच्या आत, मुलीबरोबर वाचता येईल असं," असं विचारलं की समोरच्याच्या डोक्यात लगेच एक नाव येतं. आणि आपण सुचवताना "मस्त आहे" एवढ्यावर सोडू नका. कुठल्या पानापर्यंत दम धरायचा, कुठे हिंसा आहे, कोणती जोडी लावायची, हे सांगा. आमच्या कट्ट्यावर सुचवणाऱ्याने पुस्तकातलं एक पान मोठ्याने वाचून दाखवायचं असा रिवाज आहे. भाषा झेपेल की नाही ते ऐकणाऱ्याला दोन मिनिटांत कळतं.

पुढच्या महिन्यात आम्ही भारती मुखर्जी यांचं 'द होल्डर ऑफ द वर्ल्ड' (१९९३) घेतलं आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये १६७० ला जन्मलेली हॅना ईस्टन जहाजाने कोरोमंडलच्या किनाऱ्यावर येते, औरंगजेब दक्षिणेत ठाण मांडून बसला आहे त्या वर्षांत. ते वाचताना वहीतलं पान उघडं ठेवा. डावा आणि उजवा रकाना तिथे एकाच ओळीत येतात.